डबा इकडे दे

बस. पाया नंतर पड. आधी तो डबा इकडे दे, आणि टीव्हीवर माझा चष्मा आहे तो आण. तो नव्हे, जवळचा.

तू दारात दिसलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी पत्ता शोधत येतो, पेढे आणतो, 'बाई, ओळखलं का' म्हणतो. ओळखलं. बारावी ब, रोल नंबर तेवीस, प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल. मग त्या पेढ्यांखालून तुझा कागद निघाला. माझ्या निरोप समारंभातला फोटो. खांद्यावरची शाल राहू दिलीस, शेजारचे मुख्याध्यापक कापलेस, आणि खाली छापलंस: '३१ वर्षं मुलांना घडवणाऱ्या शिक्षिकेची पसंती'. कुणाची पसंती? हा डबा मी आज पहिल्यांदा नीट पाहतेय. 'बाई, फक्त होकार हवाय' म्हणे. होकार मिळणार नाही. आणि नकार घेऊन लगेच सुटशील असंही समजू नकोस.

डबा फिरव. पुढे काय आहे? अर्धा डबा व्यापून ब्राह्मीचं पान. एवढं मोठं पान ब्राह्मीला निसर्गाने आजवर दिलेलं नाही. आता मागची बाजू. भिंगाशिवाय वाचता येत नाही, तरी वाचते. १०० ग्रॅममध्ये साखर ५८ ग्रॅम. २० ग्रॅमच्या एका मात्रेत ब्राह्मीचा अर्क २५ मिलिग्रॅम. कर गणित, तोंडी. २० ग्रॅम म्हणजे २०,००० मिलिग्रॅम. त्यात २५. आठशे भागांत एक भाग ब्राह्मी. त्याच मात्रेत साखर साडेअकरा ग्रॅमच्या वर. मग पुढे ऊस का नाही काढलास?

आणि हे काय? '४२% अधिक एकाग्रता', आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी. चांदणीचा अर्थ शोधायला डब्याच्या बुडापर्यंत जावं लागलं. तिथे इंग्रजीत लिहिलंय की हे पालकांच्या अभिप्रायावर आधारित आहे. किती पालक होते? साठ. त्यांना डबे फुकट दिलेत, तीन महिन्यांनी फॉर्म भरून घेतलात, आणि साठांपैकी पंचवीस जण म्हणाले, 'हो, थोडा फरक वाटतो.' साठात पंचवीस म्हणजे ४२ टक्के. म्हणजे ४२ टक्के पालकांना थोडा फरक *वाटला*. डब्यावर येईपर्यंत त्याची ४२ टक्के जास्त एकाग्रता झाली. टक्का तोच, फक्त कशाचा टक्का ते बदललं. हे चुकून होत नाही. हे करायला डोकं लागतं, आणि ते तुला होतं, म्हणूनच मला जास्त राग येतोय. उरलेले पस्तीस पालक कुठे आहेत? त्यांना चांदणीखालीसुद्धा जागा मिळाली नाही?

मान वर कर. मी काय विचारतेय ते तुला कळतंय.

सीबीआर आठवतं? कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीन वेळा टायट्रेशन करायचं, दोन रीडिंग जुळली की ते पकडायचं. सगळा वर्ग घामाघूम झालेला, आणि तुझ्या जर्नलमध्ये तिन्ही रकान्यांत १२.४, १२.४, १२.४. मी तुझ्या टेबलाशी आले तर ब्युरेटच्या नळाखालचा फ्लास्क कोरडा. तू नळ उघडलाच नव्हतास. शेजाऱ्याचं उत्तर पाहून रीडिंग मागून बसवलं होतंस. तेव्हा मी पान फाडलं, वर्गाबाहेर उभं केलं, आणि मला वाटलं की विषय संपला. तो संपला नव्हता, मोठा होऊन मार्केटिंगमध्ये गेला.

तुझ्यासारखंच मागून रीडिंग बसवणाऱ्यांची एक गोष्ट सांगते, कान देऊन ऐक. अमेरिकेत प्रीव्हाजेन नावाची गोळी आहे. स्मरणशक्तीसाठी, आणि गिऱ्हाईक कोण, तर विसरायला लागलेली म्हातारी माणसं. तिच्यात जेलीफिशमध्ये सापडणारं एक प्रथिन आहे, ॲपोइक्वोरिन. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातल्या कंपनीने २१८ माणसांवर प्रयोग केला. काहींना गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. प्रयोगाची रचना तुझ्या फॉर्मपेक्षा शंभरपट बरी, हे मान्य. पण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलसोबत दावा लावला, तेव्हा त्यांचं म्हणणं काय होतं? संपूर्ण गटात गोळीवाल्यांना पोकळ गोळीवाल्यांपेक्षा ठोस फायदा दिसलाच नाही. मग कंपनीने त्याच आकड्यांचे वेगवेगळे तुकडे पाडून तीसपेक्षा जास्त वेळा तपासणी केली, आणि जिथे काहीतरी जुळल्यासारखं दिसलं तेवढं जाहिरातीत आलेखासकट मिरवलं.

आता हे संख्याशास्त्राने बघ. एका चाचणीत निव्वळ योगायोगाने यश दिसण्याची शक्यता पाच टक्के धरतात. तीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर त्यातली निदान एक तरी योगायोगाने 'यशस्वी' निघण्याची शक्यता किती? एक वजा ०.९५ चा तिसावा घात. ७८ टक्क्यांच्या वर. म्हणजे गोळीत नुसता खडू असता तरी बहुतेक वेळा काहीतरी सापडलंच असतं. हे म्हणजे तीस ब्युरेटी लावायच्या, एकोणतीस धुऊन टाकायच्या आणि जुळलेली तेवढी जर्नलात उतरवायची. तो खटला २०१७ मध्ये खालच्या कोर्टात फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपिलात परत उभा राहिला, २०२४ मध्ये ज्यूरीसमोर चालला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने गोळीने स्मरणशक्ती सुधारते असा दावा करायला मनाई केली. जवळजवळ आठ वर्षं. तोवर गोळी विकली जात होतीच, आणि म्हातारी माणसं पैसे मोजत होतीच.

पाणी पी. अजून बरंच बाकी आहे.

आता माझ्या फोटोकडे येते. ही शिक्षिकेच्या पसंतीची शक्कल तुझी आहे असं तुला वाटत असेल, तर चूक. ती शिळी आहे. कॅलिफोर्नियात दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंनी नव्वदीच्या दशकात एक फसफसणारी गोळी काढली, एअरबोर्न. जीवनसत्त्वं आणि काही वनस्पती. पोरांच्या वर्गात सारखी सर्दी होते, म्हणून बनवली म्हणे. पाकिटावरच छापलं होतं की ही शाळेतल्या शिक्षिकेने तयार केली आहे. चालली. का चालली? कारण आई-बापांना वाटतं, शिक्षिका खोटं कशाला बोलेल. कंपनीने सांगितलं की गोळी सर्दीवर चालते आणि प्रयोगात सिद्ध झाली आहे. २००६ मध्ये एबीसी न्यूजने तो प्रयोग करणाऱ्यांचा माग काढला, तर ती दोन माणसांची संस्था निघाली. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. मग ग्राहकांनी एकत्र येऊन दावा केला, आणि २००८ मध्ये कंपनीने चूक मान्य न करताच २ कोटी ३३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे ट्रेड कमिशनच्या प्रकरणात तो आकडा तीन कोटींपर्यंत गेला.

तुला माझ्याकडून तेच हवंय. माझं मत नको, माझे केस पांढरे आहेत ते हवेत. एकतीस वर्षं खडूची धूळ खाऊन जो विश्वास जमवला, त्यावर तू ८४९ रुपयांची किंमत चिकटवणार. आणि माहीत आहे का, आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही दंड आहे? पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत कुठल्याही वस्तूची शिफारस करायला बंदी येऊ शकते. ही बंदी मला बरीच वाटेल म्हणा, पण दहा लाख माझ्या पेन्शनमधून द्यायला किती वर्षं लागतील तेवढं एकदा काढून बघ. शिफारस करणाऱ्याने आधी नीट खातरजमा केली असेल तर त्याला सूट आहे. ती खातरजमाच मी आत्ता करतेय. त्रास होत असेल तर खुर्ची बदल.

'बाई, एकही शब्द खोटा नाही, आमच्या वकिलांनी तपासलंय.' हे वाक्य तू आल्यापासून तिसऱ्यांदा म्हणालास. शब्द खोटा नाही हे मला मान्य. खोटं मांडणीत आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा. मोठ्या अक्षरात सांगायचं, बारीक अक्षरात काढून घ्यायचं, आणि कुणी विचारलं तर बारीक अक्षराकडे बोट दाखवायचं. अमेरिकेत १९९४ साली एक कायदा झाला. त्याने पूरक आहाराच्या कंपन्यांना बाजारात आणण्याआधी सरकारी मंजुरी घ्यायची गरज ठेवली नाही. 'रोग बरा होतो' म्हणता येत नाही, पण 'प्रतिकारशक्तीला साथ देते', 'स्मरणाला आधार देते' असं म्हणता येतं. खाली एक ओळ टाकायची की सरकारने हे तपासलेलं नाही आणि हे रोगनिदान, उपचार किंवा प्रतिबंधासाठी नाही. तिथले बरेचसे खटले या 'साथ' आणि 'बरा' यांच्या मधल्या फटीत उभे राहतात. तू त्याच फटीत शिकायला गेलेला दिसतोस.

पण आपल्याकडे ती फट थोडी बुजवलेली आहे, हे तुझ्या वकिलाने तुला सांगितलं नाही का? २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी नियम काढले. त्यात लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच टंकात हवा. तुझा दावा मराठीत, आणि चांदणीखालचा खुलासा इंग्रजीत. असं का रे? ज्या आईला मराठी वाचता येतं तिला फसवायचं, आणि इंग्रजी वाचणाऱ्या इन्स्पेक्टरला दाखवायला कागद तयार ठेवायचा? त्याच नियमांत आणखी आहे: दिशाभूल करणारा दावा खुलासा टाकून सुधारता येत नाही. आणि पुरेशा शास्त्रीय पुराव्याशिवाय मुलांची बुद्धी वाढते असं मुलांसाठीच्या जाहिरातीत म्हणायचं नाही. हे वाक्य जणू तुझा डबा समोर ठेवूनच लिहिलंय.

हो, तो शिक्का पाहिला. 'एफएसएसएआय प्रमाणित' असं तू बाजूला मोठ्याने लिहिलंस. तो चौदा आकडी क्रमांक परवान्याचा आहे. धंदा करायला परवानगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. गाडीला नंबरप्लेट असली म्हणून ड्रायव्हर शुद्धीवर आहे असं ठरत नाही. आणि औषधी वापरासाठी नाही हे लिहिणं बंधनकारक असतं, ते कुठाय? हां, हे बघ. बारकोडच्या खाली, घडीत.

'सगळेच करतात.' अरे वा. वर्गातले सगळेच कॉपी करत होते, हे कारण मी कधी मान्य केलं होतं? सगळ्यांचंच एकदा निघतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची गोष्टच नाही. इतकी वर्षं आपण सगळे जे म्हणत आलो, त्याला कायद्यात जागाच नव्हती. आणि त्याच महिन्यात पतंजलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात काय झालं? ते औषधांच्या जाहिरातींचं प्रकरण, तुझ्या पावडरीचं नव्हे, पण शिकण्यासारखं आहे. कंपनीने सांगितलं, ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिराती ज्या आकाराच्या असतात, त्याच आकाराची माफी आहे का? मला तो प्रश्न फार आवडला. मी असते तर हाच विचारला असता. तू माफी छापशील तेव्हा ब्राह्मीच्या पानाएवढी छाप, चांदणीएवढी नको.

आता पुढचं. येताना जिन्यातच सांगितलंस की पुढच्या वर्षी जिमवाल्या पोरांसाठी व्हे प्रोटीन काढणार आहात. हसू नकोस, मी केमिस्ट्री शिकवलीय, मला त्यातलं सगळं कळतं. प्रथिन मोजायला जी जुनी पद्धत आहे ती केल्डालची. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ साली निघालेली. ती प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं आणि त्याला प्रथिन म्हणायचं. पद्धत प्रामाणिक आहे, माणूस प्रामाणिक असेल तर. ग्लायसिन घे, स्वस्त अमायनो आम्ल. रेणुभार ७५, त्यात नायट्रोजन १४. गुण ६.२५ ने. एक ग्रॅम ग्लायसिन चाचणीत १.१७ ग्रॅम प्रथिन म्हणून दिसतं. क्रिएटिन घे. रेणुभार १३१, नायट्रोजन ४२. एक ग्रॅम क्रिएटिन दोन ग्रॅम प्रथिनाचं सोंग करतं. डब्यात स्वस्त माल भरला की लेबलावर प्रथिन आपोआप वाढतं. अमेरिकेत २०१४-१५ च्या सुमारास यावरून व्हेवाल्या बऱ्याच कंपन्यांवर ग्राहकांनी दावे लावले, आणि या प्रकाराला तिथे नावसुद्धा पडलं, अमायनो स्पायकिंग. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं तेही याच हिशोबाने. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचं. त्यात तान्ह्या मुलांची मूत्रपिंडं गेली. तुझ्या पावडरीने तसं होणार नाही. पण कोण कुठे थांबलं ते लेबलावरून कळत नाही, म्हणून सांगते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील बाई एकतर्फी बोलतात. २०१५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने चार मोठ्या दुकानांतल्या वनौषधींच्या गोळ्यांची डीएनए तपासणी केली आणि जाहीर केलं की लेबलावरची वनस्पती बहुतेक नमुन्यांत सापडतच नाही. गाजावाजा झाला. पण कंपन्यांची बाजू अशी होती की अर्क काढताना डीएनए नष्ट होतो, त्यामुळे ही चाचणी अर्काला लागू नाही. आणि त्यात तथ्य होतं. तक्रार करणाऱ्यालाही आपलं रीडिंग नीट घ्यावं लागतं. मी तक्रार करताना घेईन.

दचकलास कशाला? ८४९ रुपयांसाठी कोण कोर्टात जातंय, असं वाटतंय ना? तुमचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर चालतो. एकाला ८४९ चा फटका बसला तर तो गप्प बसतो, आणि तसे लाखभर गप्प बसले की तुमची गाडी येते. पण आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील लागत नाही. मी राहते तिथल्या आयोगात जाता येतं, तुझ्या कंपनीच्या गावाला यावं लागत नाही. सारखीच तक्रार असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. खोट्या जाहिरातीची तक्रार प्राधिकरणाकडे वेगळी करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. माझ्याकडे वेळ भरपूर आहे, रोल नंबर तेवीस. मी निवृत्त आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला ताई येतात. मुलगी दहावीला. गेल्या महिन्यात त्यांनी हाच डबा घेतला, मला दाखवायला आणला, ओट्यावर ठेवला, म्हणाल्या, 'बाई, डोक्याला चांगलं असतं ना?' तेव्हा चष्मा माझ्या हाताशी नव्हता, म्हणून मी 'बघते' म्हटलं आणि बघितलं नाही. ती चूक माझी. तू दिवसाला दोन मात्रा सांगतोस, म्हणजे ४० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा दहा दिवस पुरतो. बारा आठवडे घ्या म्हणतोस, म्हणजे नऊ डबे. ७,६४१ रुपये. त्यांच्याकडे बिलसुद्धा नाही, दुकानदाराने दिलंच नाही.

नाही, 'नमुना म्हणून ठेवा' चालणार नाही. फुकट घेतलेल्या वस्तूचा मी ग्राहक होत नाही. ते कपाट उघड, वरच्या खणात माझी पर्स आहे. पाचशेची एक, शंभराच्या तीन, ही पन्नासची. एक रुपया परत दे. आता बॅगेतलं बिलबुक काढ, असणार तुझ्याकडे. माझं पूर्ण नाव लिही, डब्याचा बॅच नंबर लिही, शिक्का मार. पेन माझं घे. तारीख नीट काढ, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि तुझा सात अजून एकासारखा दिसतो.